काचेतून छातीशी

जिल्हा रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांचा जो कक्ष असतो, त्याच्या बाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या प्रत्येक घराला एकच प्रश्न पडलेला असतो. नाकात नळी, तोंडात नळी, हाताला सलाईनची सुई, असं ओंजळीत मावेल एवढं लेकरू यंत्राखालून काढून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं म्हणतात, 'कांगारू मदर केअर' असं त्याला नाव आहे. त्यानं त्याला काही होणार नाही ना? कोणी डॉक्टरला विचारतं, कोणी सिस्टरला, बहुतेक जण एकमेकांतच विचारून घाबरत बसतात. आमच्या विहीणबाईंनी तर विचारलंच नाही, सरळ सांगून टाकलं, "नको बाई ते. काचीत हाय तं राहू द्या काचीत. लेकराले काई झालं तं कोन पाहीन?"

धास्ती मलाही तेवढीच होती, कारणं तेवढी वेगळी. विहीणबाईंच्या मनात विटाळ होता. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीच्या अंगाला अंग लावायचं, तेही दवाखान्यात, दहा लोकांत, हे त्यांना पटत नव्हतं. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पोरांना हात धुवायला लावण्यात माझी नोकरी गेली, म्हणून माझ्या डोक्यात जंतू. चपला बाहेर काढा, गाऊन घाला, नातेवाइकांनी काचेपलीकडून बघा, हे सगळं जिथं बजावून सांगतात, तिथं चार दिवस धड आंघोळ न मिळालेल्या, घामेजलेल्या आईच्या कातडीला एवढं नाजूक लेकरू चिकटवायचं, हे कसं काय चालतं? हा प्रश्न आमच्या भागात शेकडो घरांना पडतो. यवतमाळ, अमरावती, गडचिरोली, चंद्रपूर, कुठंही जा, बायांच्या अंगात रक्त कमी, कुठं सिकलसेल हा रक्ताचा आजार, आणि सातवा-आठवा लागला तरी निंदण-वेचणी सुटत नाही. कमी वजनाची, कमी दिवसांची लेकरं आमच्याकडे जन्मतातच. तेव्हा उत्तर मला जसजसं सापडत गेलं, तसतसं इथं मांडते आहे.

लेकीला सातव्यात ओटी भरून माहेरी आणली होती. पहिलं बाळंतपण. पायावर सूज होती, ती सगळ्यांच्याच पायावर येते म्हणून कोणी मनावर घेतली नव्हती, पण आशाताई तपासणीला आल्या आणि रक्तदाब बघून त्यांचा चेहराच उतरला. प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून रुग्णवाहिकेनं जिल्ह्याला. दसऱ्याच्या आधीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन कापणीला आलेलं. शेजारची एक म्हातारी निघतानाच म्हणाली होती, "सातव्यातलं जगते, आठव्यातलं जगत नाई वं." वाटेत माझ्या डोक्यात तेच एक वाक्य. (हे निखालस खोटं आहे. आईच्या पोटात जेवढे दिवस जास्त, तेवढं बाळ जगण्याची शक्यता जास्त. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकट असतं. ज्यांच्या कानांवर हे येईल त्यांनी ते तिथंच खोडून काढावं.) सिझेरियन झालं. मुलगी. ३२ आठवडे, वजन १ किलो ३५० ग्रॅम.

लेक वरच्या मजल्यावर, तिला झटके येऊ नयेत म्हणून औषध चालू. नात खालच्या मजल्यावर. मधे जिना, दोन जाळीची दारं आणि एक रखवालदार. जावयांनी मोबाईलवर काढलेला फोटो लेक सारखा बघायची आणि विचारायची, "आई, ही आपलीच ना?" दूध येत नव्हतं. येणार कसं? दूध लेकराकडे बघून, त्याचा वास घेऊन उतरतं. आम्ही तिला जिन्याच्या वर ठेवलं होतं आणि दूध का येत नाही म्हणून मेथ्या-आळीव चारत होतो.

तिला चाकाच्या खुर्चीवरून खाली आणायचं ठरलं, त्या दिवसाचं सविस्तर लिहिते. सुरक्षितपणा कशात असतो, हे मला त्या एका तासात दिसलं.

सिस्टर वयानं माझ्या लेकीएवढीच. तिनं आधी लेकीला लघवीला जाऊन यायला सांगितलं, पाणी प्यायला लावलं. एकदा बाळ ठेवलं की तासभर तरी हलवायचं नाही. बाळाला त्रास होतो तो उचल-ठेव करताना, एकदा टेकलं की नाही. मग बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढायला लावलं. मंगळसूत्राला लेक कचरली, तेव्हा सिस्टरनं ते पदरासारखं पाठीमागे फिरवून गाऊनला पिन लावून दिलं. नखं बघितली. कोपरापर्यंत साबणानं हात. "छाती डेटॉलनं पुसायची का?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "आजी, काहीच लावायचं नाही. पावडर नको, तेल नको, अत्तर नको. रोजची साधी आंघोळ पुरे. लेकराला आईचा वास यायला पाहिजे."

नातीच्या नाकाला सीपॅप लावलेला होता. म्हणजे श्वास तिचाच, पण फुप्फुसं मिटू नयेत म्हणून हवेचा थोडा दाब आतून धरून ठेवायचा. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं, त्यात सारखे बुडबुडे. दोघी सिस्टर लागल्या. एकीनं मान आणि ढुंगण दोन हातांत धरून बाळ उचललं, दुसरीनं फक्त नळ्या सांभाळल्या. अंगावर लंगोट, डोक्याला टोपडं, पायांत मोजे, बाकी उघडं. ते दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं टेकवलं, बेडकासारखे पाय फाकवून, हात दुमडून. मान एका बाजूला वळवली आणि हनुवटी किंचित वर केली. मग मऊ सुती कापडानं आई-लेकराला एकत्र गुंडाळलं. कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या पाळीखाली, घट्टपणा छातीपाशी, पोटापाशी सैल. सीपॅपची नळी चिकटपट्टीनं गाऊनच्या खांद्याला लावली, म्हणजे लेक हलली तरी ओढ बाळाच्या नाकावर येऊ नये. लेकीला खुर्चीत मागे रेलून बसवलं, पार आडवी नाही, ताठ नाही.

तेवढ्यात यंत्र वाजलं. पायाच्या लाल दिव्यावरून येणारा ऑक्सिजनचा आकडा खाली गेला होता. माझ्या पोटात गोळा आला. लेकीनं बाळ घट्ट आवळलं. सिस्टरनं न घाबरता दोन बोटांनी हनुवटी बघितली, मान केसभर मागे केली, आणि आकडा चढला. ९१. ९३. मग तिथंच थांबला. सकाळी वॉर्मरखाली असूनही अंग गार लागत होतं म्हणून तिचं तापमान घेतलं होतं, ३६.५ च्या खाली होतं. तासाभरानं काखेत थर्मामीटर लावला, ३६.८. बाळाला हवं ते ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, एवढीच ती पट्टी. आणि संध्याकाळी माझ्या लेकीला वाटीत काढण्याजोगं दूध आलं.

हे का होतं, ते नंतर मी डॉक्टरांना विचारून घेतलं. कमी दिवसांच्या बाळाला कातडीखाली चरबी नसते, कातडी पातळ, वजनाच्या मानानं अंगाचा पसारा मोठा, त्यामुळं ऊब भराभर निघून जाते. ऊब टिकवायला ते स्वतःची साखर जाळतं, ऑक्सिजन जास्त वापरतं, आणि जे वजन वाढण्यात जायला हवं ते नुसतं गरम राहण्यात जातं. आईची छाती मात्र गार बाळाला ऊब देते. दुसरं श्वासाचं. ही लेकरं श्वास घेता घेता मध्येच थांबतात, मेंदूतलं ते केंद्र अजून पिकलेलं नसतं. यंत्र ते ओळखतं आणि वाजतं, पण एका सिस्टरकडं कितीतरी यंत्रं. आईच्या छातीवर असेल तर लेकराचं हललं-थांबलं तिला आधी कळतं. तळव्याला बोटानं हलकी टिचकी दिली की बहुतेक वेळा श्वास पुन्हा सुरू होतो, ते आयांना तिथं शिकवतात.

आणि जंतूंचं, जी माझी खरी भीती. दवाखान्यातले जंतू हे दवाखान्यातच वाढलेले असतात, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर अशा नावांचे, औषधांना न जुमानणारे. ते एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातात ते न धुतलेल्या हातांवरून, उपकरणांवरून. आईच्या कातडीवर असतात ते घरचे जंतू, आणि त्यांच्याशी लढायचं बळ तिच्याच दुधातून बाळाला मिळतं. रिकाम्या जागेत कोण आधी वस्ती करतं, एवढाच प्रश्न असतो, आणि आईचे जंतू आधी बसले तर बरं. मी ज्या कातडीला भीत होते तीच इथं पहारा देत होती.

ही रीत सुरू झाली ती कोलंबियात, बोगोटा शहरातल्या गोरगरिबांच्या प्रसूती रुग्णालयात, १९७८ साली. एडगर रे सानाब्रिया हे तिथले डॉक्टर. ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, संसर्गानं मरत होती, आणि दुरावलेल्या आया लेकरं टाकून जात होत्या. त्यांनी बाळं आयांच्या छातीला बांधली. गरज म्हणून केलेल्या या गोष्टीला नंतर अभ्यासानं आधार मिळत गेला, पण बराच काळ एक अट राहिली: बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग छातीवर द्या. ऐकायला ही अट किती शहाणी वाटते! पण कमी वजनाची जी बाळं जातात त्यांतली बरीचशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातात, स्थिर होण्याच्या आधीच. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ही अट बाहेर ठेवत होती.

म्हणून मग भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ किलोपासून १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं, म्हणजे माझ्या नातीसारखीच. निम्म्यांना जन्मल्यावर लगेच, स्थिर व्हायची वाट न बघता, आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या बाईच्या छातीवर दिलं, आणि त्यासाठी आईची खाटच बाळांच्या कक्षात आणली. उरलेल्यांना नेहमीच्या पद्धतीनं आधी यंत्रात, स्थिर झाल्यावर छातीवर. २०२१ साली निष्कर्ष आले. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत शंभरात १५.७ बाळं गेली, लगेच छातीवर दिलेल्यांत १२. संसर्गाची शंका यावी अशी बाळं कमी, अंग गार पडणारीही कमी. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला. उरलेल्या बाळांना यापासून दूर ठेवणं योग्य नाही, असं देखरेख करणाऱ्या समितीनं सांगितलं. पुढं नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारसच बदलली: जन्मापासून लगेच, दिवसाचे ८ ते २४ तास, जेवढं जमेल तेवढं.

म्हणजे "छातीवर ठेवलं तर काही होणार नाही ना" या प्रश्नाची दुसरी बाजू आम्ही कोणी विचारत नव्हतो. न ठेवलं तर काय होतं?

आमच्या विदर्भात हा प्रश्न विचारताना एक जखम आठवतेच. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्या आईबापांच्या दुःखावर मी माझा मुद्दा उभा करणार नाही, आणि यंत्रं नकोत असंही माझं म्हणणं नाही. सीपॅप नसता तर माझी नात आज नसती, हे मी कोणालाही शपथेवर सांगेन. एवढंच म्हणते की बाळ काचेत आहे म्हणजे ते सुखरूप आहे, अशी जी आम्ही मनाची समजूत घालून घेतो, तिच्यामागे वीज, वायरिंग, माणसांची जागी नजर असं पुष्कळ काही उभं असावं लागतं. छातीमागेही तसंच उभं असावं लागतं.

कारण धोके खरोखर आहेत. मान पुढं पडून हनुवटी छातीला टेकली तर या लेकरांची श्वासनळी तिथंच दुमडते, ती अजून कडक झालेली नसते. नाक कापडात किंवा आईच्या अंगात रुतू शकतं. रात्रभर जागलेली आई अशी बसल्या बसल्या झोपते, हात सैल पडतो. बाळ नीट बांधलेलं नसेल, ती पूर्ण आडवी असेल, आणि बघणारं कोणी नसेल, तर हा सगळ्यात मोठा धोका. मोबाईलकडे बघत बसलेल्या आईची मान खाली असते आणि तिला बाळाचा बदललेला रंग दिसत नाही. त्या सिस्टरनं छातीवर बाळ असताना मोबाईल बाजूला ठेवायचा नियमच केला होता. आईला ताप, खोकला, अंगावर पुरळ किंवा कांजण्या असतील तर आधी डॉक्टरला सांगायचं. खोकल्याला मास्क पुरतो, काही आजारांत घरातलं दुसरं माणूस बसतं. फारच अत्यवस्थ बाळाचा निर्णय डॉक्टरांचा. आणि आमच्याकडचं एक वेगळं: एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा गार पडण्याइतकीच बाळ तापण्याचीही काळजी घ्यावी लागते. टोपडं-मोजे किती, पंखा कुठं, हे थर्मामीटर बघून ठरवायचं, रीत म्हणून नाही.

बापाच्या छातीचंही असंच. लेकीला टाक्यांमुळं एका दमात फार बसवेना, तेव्हा सिस्टर म्हणाली, बाबांना बोलवा. जावई आले, आणि मला बघून दारातच उभे राहिले. सासूसमोर सदरा काढायचा! "मामीजी, तुम्ही..." एवढंच म्हणाले. मी पदर घेऊन बाहेर गेले, सिस्टरनं पडदा ओढला. पण त्याआधी तिनं त्यांना दोन प्रश्न विचारले, आणि ते कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडतील असं मला वाटत नाही. "खर्रा खाऊन आले का? शेतातून सरळ आले का?" (खर्रा म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी.) ते कपाशीवर फवारणी करून, वरवर हात-पाय धुऊन, एसटीनं आले होते. २०१७ च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यानं जे पाहिलं ते इथं कोणी विसरलेलं नाही; धट्टेकट्टे गडी त्या विषानं गेले. तेच औषध मानेवर, हाताच्या केसांत घेऊन दीड किलोच्या आतलं लेकरू धरायचं? तिनं त्यांना परत पाठवलं. डोक्यावरून साबणाची आंघोळ, वेगळे धुतलेले कपडे, तोंड स्वच्छ, बिडी-खर्रा बंद, मग या. ते दुसऱ्या दिवशी तसे आले. पडद्याआडून मला फक्त सिस्टरचा आवाज ऐकू येत होता, "श्वास घ्या हो बाबा, तुम्हीच श्वास रोखून बसले." बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, आणि त्या दिवसापासून त्यांनी खर्रा सोडला. किती दिवस टिकतो बघू, पण अजून टिकला आहे.

मला खरं बोलायचं आहे ते आईच्या खुर्चीबद्दल.

त्या व्हरांड्यात झरी-जामणीकडची एक कोलाम बाई होती, तिचंही लेकरू आतच. तिला कोणी नव्हतं. नवरा दुसऱ्या लेकराला घेऊन पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, सासू वेचणीला, कारण वेचणीचे हेच दिवस आणि हीच वर्षाची मजुरी. सिस्टर तिला आत बोलवायची, ती यायची, पण आत पाठ न रेलणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. तासाभरानं तिचा कणा मोडायचा. रात्री ती व्हरांड्यात चादरीवर झोपायची. जेवण? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईला मोफत जेवण लिहिलेलं आहे, साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस. आजारी बाळाचे उपचार वर्षभर मोफत आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. पण कमी दिवसांचं लेकरू तीन-तीन आठवडे आत असतं, आणि त्याची आई चौथ्या दिवसापासून कागदोपत्री घरी गेलेली असते. ती दुपारी चहा-टोस्टवर असायची. उपाशी, न झोपलेल्या आईच्या छातीवर बाळ दिलं आणि ती पेंगली, तर धोका तिच्या कातडीत होता की आपण तिला जे दिलं नाही त्यात होता?

दिल्लीच्या त्या अभ्यासात आईची खाट आत होती, बाळाशेजारी. तिचं औषधपाणी तिथंच, तिच्या जागी बसायला घरातलं दुसरं माणूस तयार. केंद्र सरकारनं २०१७ मध्येच मार्गदर्शिका काढली आहे, की आईबापांना या कक्षांत शिकवून आत घ्यावं. कागद आहेत. सिस्टरही आहेत, माझ्या नातीला मिळाली तशी, मनापासून करणाऱ्या. पण पुष्कळ ठिकाणी आई अजूनही भेटीच्या वेळेत येणारी पाहुणी आहे.

विहीणबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांनी विटाळ सोडला नाही, बाळाला सव्वा महिना अंगाला लावलं नाही, आणि मीही त्यांच्याशी वाद घातला नाही. पण एका दुपारी त्या व्हरांड्यात बसून आतल्या पडद्याकडे बघत होत्या, सून किती वेळ तशी बसली आहे हे मोजत होत्या. दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला. ज्वारीची भाकर, मुगाची पातळ दाळ, दुपारी आळिवाची खीर. "बसाचं तं बसू द्या तिले, पन उपाशी नाई बसवाचं," म्हणाल्या. डब्यात भाकरी जास्त असायच्या. कोलाम बाईला त्यांनी कधी हाक मारून बोलावलं नाही, डबा उघडून तिच्याजवळ सरकून बसायच्या आणि अर्धं तिच्याकडे सारायच्या.

सुटी झाली तेव्हा नात १ किलो ६०० च्या पुढं होती. सिस्टरनं बजावलं, घरी गेल्यावर थांबवू नका. अडीच किलो होईपर्यंत, किंवा ती स्वतःच वळवळून नको म्हणेपर्यंत. घरी आल्यावर शेगडीचा प्रश्न निघाला. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे, ओवा-शेपाची धुरी, दारं-खिडक्या बंद. जेमतेम श्वास घ्यायला शिकलेल्या फुप्फुसांना तो धूर चालत नाही. आशाताई ठरलेल्या दिवशी यायच्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या या भेटी असतात. आमचे सुरुवातीचे दिवस दवाखान्यात गेले, उरलेल्या भेटी घरी झाल्या. वजन, तापमान, श्वास मोजायच्या. या घरोघरच्या भेटींची वाट आपल्याच विदर्भानं दाखवली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, हे १९९९ मध्ये जगापुढं मांडलं गेलं. देशभरच्या आशाताई आज जे करतात त्याचं मूळ तिथं आहे. आशाताईंनीच शेगडी बाहेर काढायला लावली. ऊब पाहिजे ना, मग ती आहे की, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. लेक झोपली की नात माझ्या छातीवर असायची, साठीच्या घरातल्या या कातडीवर. रेलायला मी भिंतीला गादी लावून घेतली होती, आणि डुलकी येतेय असं वाटलं की जावयांना हाक मारायची, हा आमचा ठराव होता.

आमच्या गावच्या बचत गटातल्या बायांनी आता पुढून उघडणारे सुती गाऊन आणि बांधायचे पट्टे शिवायला घेतले आहेत, ग्रामीण रुग्णालयात देण्यासाठी. रुग्ण कल्याण समितीला अर्जही लिहिला आहे. मागे रेलणाऱ्या खुर्च्या. बायांसाठी आंघोळीची जागा. बाळ आत असेपर्यंत आईला दोन वेळचं जेवण, तिच्या नावावर, मग तिचं बाळंतपण कागदोपत्री संपलं असलं तरी. आणि बाळ बाहेर देताना एक सिस्टर मोकळी असावी, निदान पहिला तासभर. अर्जावर विहीणबाईंनी अंगठा नाही, सही केली आहे. त्यांना सही येते हे मला तेव्हा कळलं.